टाच मोकळी, पाऊल घट्ट

बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारा माणूस पाहताना आपले लक्ष त्याच्या पायांखालच्या लांब स्कींकडे जाते. बूट आणि स्की यांना जोडणारा भाग सहसा नजरेत भरत नाही. त्याला बाइंडिंग म्हणतात. पायाने दिलेला इशारा स्कीपर्यंत पोहोचतो तो या जोडातून. आणि पडल्यावर नडगीचे हाड शाबूत राहणार की मोडणार, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. आल्प्सच्या उभ्या उतारांवर टिकेल असे भरवशाचे बाइंडिंग घडवण्यात आणि ते लोकांपर्यंत नेण्यात सर्वांत मोठा वाटा आहे तो मथियास झ्दार्स्की यांचा.

झ्दार्स्की यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोराव्हियातल्या कोझिखोवित्से या खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला. पुढे ते शिक्षक झाले. चित्रकला आणि शिल्पकलाही शिकले. पण गावागर्दीत त्यांचे मन रमेना. १८८९मध्ये लोअर ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डजवळ हाबर्नराइट नावाच्या एकांतातल्या शेतवाडीवर ते राहायला गेले. हिवाळ्यात तिथे कमरेएवढे बर्फ साचे आणि खालच्या गावाशी संपर्क राखणेही अवघड होई.

त्याच सुमारास नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेन यांचे ग्रीनलँड ओलांडल्याचे पुस्तक जर्मन भाषेत आले. नान्सेन यांनी १८८८मध्ये स्कीच्या आधारे ती सफर केली होती. झ्दार्स्की यांनी पुस्तक वाचले आणि थेट नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या आल्या तेव्हा जवळपास तीन मीटर लांब होत्या. नॉर्वेच्या पसरट डोंगरांवर अशी स्की सुरेख पळते. हाबर्नराइटच्या उतारावर मात्र ती वळवता वळेना. शिवाय बूट बांधायला होते वेताचे आणि चामड्याचे पट्टे. ते ओले झाले की सैलावत, थंडीत कडक होत. पाय एकीकडे वळे, स्की दुसरीकडे जाई.

झ्दार्स्की यांनी आधी स्की आखूड केल्या. पुढे त्यांची लांबी सुमारे १.८० मीटरपर्यंत आली. खरा वेळ गेला तो बाइंडिंगमध्ये. त्यासाठी त्यांनी दोनशेच्या आसपास प्रकार करून पाहिले, असे सांगितले जाते. हाती आले ते असे : बुटाच्या तळाखाली पोलादी पट्टी, तिच्या पुढच्या टोकाला बिजागरी आणि तिथेच एक स्प्रिंग. दार बिजागरीवर उघडते-मिटते, पण डावी-उजवीकडे सरकत नाही, तसेच हे. चढताना टाच उचलता येई, स्प्रिंग तिला पुन्हा खाली आणी आणि पाऊल बाजूला मुळीच हलत नसे. एवढ्याशा बदलाने स्की पायाच्या हुकमात आली. १८९६मध्ये त्यांनी आपल्या तंत्रावर पुस्तक काढले. आल्प्समध्ये स्की कशी चालवावी, हे पद्धतशीर सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

त्यांची शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. हातात एकच लांब काठी. स्कीचे मागचे टोक बाहेर ढकलून वेग मारायचा आणि वळायचे. वेगाची हौस त्यांना नव्हती. उतार कितीही उभा असो, हवे तिथे थांबता आलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. त्यांनी हजारो लोकांना शिकवले आणि त्यासाठी पैसे घेतले नाहीत. स्वभाव मात्र तिखट होता. नॉर्वेची पद्धतच श्रेष्ठ मानणाऱ्यांशी त्यांचे अनेक वर्षे कडाक्याचे वाद झाले. १९०५मध्ये नॉर्वेचे हासा होर्न प्रत्यक्ष लिलियनफेल्डला आले, त्यांच्याबरोबर उतारांवर फिरले आणि इथल्या डोंगरांना हेच तंत्र योग्य असल्याची पावती देऊन गेले. त्याच वर्षी १९ मार्चला मुकेनकोगेल डोंगरावर झ्दार्स्की यांनी शर्यत भरवली. उतारावर ८५ फाटके रोवली होती आणि २४ स्पर्धक होते. आजच्या स्लालम प्रकारच्या शर्यतींची ही सुरुवात मानतात.

या बाइंडिंगला एक मोठी मर्यादा होती. ते धरून ठेवी, सोडत नसे. स्कीचे टोक बर्फात अडकले आणि शरीर पुढे फिरले, तर काय होते? नट फिरवताना पाना जितका लांब, तितके जोर लावणे सोपे. इथे स्की हाच पाना आणि नडगी हा नट. हावऱ्या वेगात ते हाड पीळ बसून तुटते. झ्दार्स्की यांनी यावर वेग आवरण्याचा उपाय शोधला होता, पण सगळेच कुठे आवरतात? अमेरिकेत स्थायिक झालेले नॉर्वेचे यालमार ह्वाम यांनी १९३७मध्ये पाय मोडून घेतल्यावर, ताण वाढला की पुढून आपोआप सुटणारे बाइंडिंग रचले आणि १९३९मध्ये त्याचे पेटंट घेतले.

आजचे बाइंडिंग या दोन्ही कल्पनांवर उभे आहे. चवड्याकडचा भाग बाजूला उघडतो, टाचेकडचा वर. किती ताणाला उघडायचे, हे स्प्रिंगवर ठरते आणि बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत त्याचा आकडा दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की चालवण्याची धाटणी यांवरून हा आकडा काढतात. पन्नाशीनंतर तो कमी धरतात. गुलमर्ग किंवा औलीला भाड्याने स्की घेणाऱ्यांनी इथे वजन चोरू नये आणि कौशल्याची बढाईही मारू नये. आकडा कमी पडला तर स्की भलत्या वेळी सुटते. जास्त झाला तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. स्वतःची खरेदी करायची असेल, तर आपला आकडा बाइंडिंगच्या पट्टीच्या अगदी टोकाला न येता मध्यावर येईल, असे घ्यावे. बूट त्याच्याशी जुळणारे हवेत. दर मोसमाआधी यंत्रावर चाचणी करून घेणे महागड्या ब्रँडपेक्षा मोलाचे, कारण प्लास्टिक जुने होते आणि सांध्यांत माती-मीठ साचते. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची मोडतोड खूप कमी झाली आहे. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. तिथे आजचे नेहमीचे बाइंडिंगही फारसे कामी येत नाही.

पहिल्या महायुद्धात झ्दार्स्की ऑस्ट्रियाच्या पहाडी सैनिकांना स्की आणि हिमकड्यांचे धोके शिकवत होते. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी, साठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, ते स्वतःच कोसळत्या हिमकड्याखाली सापडले. त्यांना बाहेर काढले तेव्हा शरीरातली हाडे मोडलेली आणि सांधे निखळलेले अशा मिळून सुमारे ८० जखमा झाल्या होत्या. मणकेही त्यातून सुटले नव्हते. अशा माणसाने पुन्हा उभे राहावे, ही अपेक्षाच नव्हती. बाइंडिंगसाठी लावला तोच चिवटपणा त्यांनी आता स्वतःच्या शरीराला लावला. कोणता सांधा किती हलतो, कुठे ताण दिला की दुखते, हे पाहत त्यांनी स्वतःसाठी व्यायाम रचले. वेदना त्यांना जन्मभर पुरल्या, पण ते पुन्हा स्कीवर उभे राहिले. हिमकड्यांबद्दलचा आपला अभ्यासही त्यांनी १९२९मध्ये पुस्तकरूपाने मांडला. २० जून १९४० रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, सांक्ट प्योल्टन इथे त्यांचे निधन झाले. लिलियनफेल्डच्या संग्रहालयात त्यांचे साहित्य आजही पाहायला मिळते.