फादर थॉमस स्टीफन्स : छळाच्या काळातील पुराणकार

संतवाङ्मयाच्या अभ्यासातून फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे आलेला विद्यार्थी सुरुवातीला काहीसा बिचकतो. ओवी ओळखीची, ‘वैकुंठ’ हा शब्दही ओळखीचा. कथा मात्र बेथलेहेमची आणि कवी इंग्रज. हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हे कळल्यावाचून त्यातील क्षमेचा आणि शांतीचा आशय नीट उमगत नाही. म्हणून येथे चरित्राचा विचार आधी करू.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासना हा गुन्हा ठरला होता. थॉमस पाउंड या स्नेह्याबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा, असा स्टीफन्स यांचा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्यानंतर मायदेशाचे दर्शन त्यांना घडले नाही.

स्वदेशात ज्यांचा पंथ छळला जात होता, ते स्टीफन्स गोव्यात छळणाऱ्या सत्तेच्या आश्रयाला आले, ही या चरित्रातील मोठी विसंगती होय. सासष्टी आणि बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे गेले होते. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा स्थापन झाली, १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. देवांमागोमाग माणसांनीही सीमा ओलांडली. जे मागे राहिले व बाप्तिस्मा घेते झाले, त्यांच्यामध्ये स्टीफन्स यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले.

२५ जुलै १५८३ रोजी कुंकळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या येशूसंघाच्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो आक्वाविवा होते. या भागातील देवळे पोर्तुगीज सैन्याने आधी उद्ध्वस्त केली होती, हे विसरून या घटनेकडे पाहता येत नाही. पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. एका हत्येला दुसऱ्या हत्येने उत्तर मिळाले. क्षमेचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या राज्यात क्षमेला जागा उरली नाही.

कुंकळीनंतर तीन महिन्यांनी स्टीफन्स यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण आहे. इतक्या अस्वस्थ काळात ज्यांचे लक्ष लोकांच्या भाषेकडे वळले, त्यांच्या वृत्तीविषयी ही नोंद पुष्कळ काही सांगते. त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले; ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. मराठीवर तर त्यांनी उघड प्रेम केले.

‘ख्रिस्तपुराणा’चे निमित्त ग्रंथातच आले आहे. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आमच्यासाठी तशी दुसरी का करीत नाही, अशा अर्थाचा प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारला. प्रश्नात तक्रार होती, आणि ती रास्त होती. स्टीफन्स यांनी तिचे उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांनी दिले. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा कथाभाग, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, क्रूसावरील मरण आणि मारेकऱ्यांसाठी केलेली क्षमायाचना. जुन्या दैवतांचे खंडनही ग्रंथात आहे; ते झाकून स्टीफन्स यांना आजच्या अर्थाने उदारमतवादी ठरवणे योग्य नव्हे. तरीही ज्यांचे ऐकणे हिरावले गेले होते, त्यांना ते त्यांच्याच छंदात परत मिळाले, हे नाकारता येत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडील विद्यार्थ्याला यातील कोकणी वळणाचे कितीतरी शब्द कोशावाचून कळतील.

हा ग्रंथ देशी लिपीत छापला जावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाचे प्रमुख क्लॉदिओ आक्वाविवा यांना त्यासाठी पत्र लिहिले. क्लॉदिओ हे कुंकळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फोंचे काका. ज्या लोकांमध्ये पुतण्या मारला गेला, त्यांच्याच लिपीसाठी केलेली ही विनंती होती. खिळे मिळाले नाहीत. १६१६ मध्ये राशोल येथे ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६१९ मध्ये स्टीफन्स निवर्तले.

१६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि गायनातून. टिपूने श्रीरंगपट्टणला नेलेल्या कॅनरातील ख्रिस्ती बंदिवानांनी (१७८४–१७९९) याच ओव्यांचा आधार घेतला, असे परंपरा सांगते. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये निघाली.