विश्लेषण : सुईऐवजी तोंडावाटे लस... अल्बर्ट सेबिन यांनी पोलिओला कसे रोखले?

बाळाच्या जिभेवर लशीचे थेंब टाकणे आज सोपे वाटते. त्यामागे डॉ. अल्बर्ट सेबिन यांचे सुमारे तीन दशकांचे संशोधन आहे.

कोण होते सेबिन?

त्यांचा जन्म १९०६ मध्ये बियालिस्टोक येथे ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. १९२१ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. सेबिन आधी दंतवैद्यक शिकत होते. पण सूक्ष्मजीवशास्त्राची गोडी लागली आणि त्यांनी वाट बदलली. १९३१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पोलिओची मोठी साथ आली.

शोध काय लागला?

पोलिओचा विषाणू नाकावाटे थेट मज्जासंस्थेत शिरतो, असा तेव्हा समज होता. पोलिओने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनातून सेबिन आणि रॉबर्ट वॉर्ड यांनी १९४१ मध्ये दाखवले, की विषाणूचा मुक्काम अन्नमार्गात असतो. मग शत्रूला आतड्यातच का अडवू नये?

साल्क यांची लस असताना ही कशासाठी?

जोनास साल्क यांची १९५५ मधील लस मृत विषाणूची होती आणि टोचावी लागे. ती अर्धांगवायूपासून वाचवत असे; आतड्यातील संसर्ग मात्र फारसा रोखत नसे. सेबिन यांनी जिवंत, पण दुर्बल केलेला विषाणू वापरला. चाचणी आधी स्वतःवर, कुटुंबीयांवर आणि ओहायोतील स्वयंसेवक कैद्यांवर झाली. अमेरिकेत साल्क यांची लस रुळली होती. त्यामुळे ऐन शीतयुद्धात, १९५९ मध्ये मोठी चाचणी सोव्हिएत संघात मिखाईल चुमाकोव्ह यांच्या सहकार्याने लाखो मुलांवर झाली. १९६१ पासून अमेरिकेतही परवाने मिळाले. सेबिन यांनी लशीचे पेटंट घेतले नाही. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला.

मग प्रत्येक लस तोंडावाटे का नाही?

पोलिओचा विषाणू जठरातील आम्लात तग धरतो. लशीतील साधी प्रथिने मात्र तिथे पचून जातात. शिवाय दुर्बल विषाणू क्वचित पुन्हा घातक होऊन अर्धांगवायू घडवतो, ही सेबिन लशीची उणी बाजू.

म्हणूनच संशोधक आता जिवंत विषाणूऐवजी त्याचा निरुपद्रवी अंश जैविक बहुवारिकांच्या अतिसूक्ष्म कणांत भरून पाहत आहेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान आतड्याच्या श्लेष्म अस्तराला चिकटते. समुद्री शेवाळातील अल्जिनेट आम्लात आक्रसून राहते आणि आतड्यात फुगून आतला ऐवज सोडते. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. सेबिन यांच्या विषाणूकडे आम्लातून तरून जाण्याची ताकद निसर्गतःच होती. इतर लशींसाठी तेच चिलखत माणसाला घडवावे लागत आहे.