चूक पकडणारा अंक शोधणारे हान्स पीटर लून

शिरूरच्या बाजारात जुना मोबाइल घेताना *#०६# दाबलं की १५ अंकी आयएमईआय नंबर दिसतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून काढलेला असतो. दौंडहून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणीवर ११ अंकी नंबर असतो. तिथेही शेवटचा अंक पडताळणीचाच, फक्त हिशेब वेगळा. यातला आयएमईआयचा हिशेब शोधला हान्स पीटर लून यांनी.

लून यांचा जन्म १८९६ सालचा, जर्मनीतल्या बार्मेनचा. वडिलांचा छपाईचा धंदा होता. लून मात्र कापड उद्योगात शिरले, अमेरिकेत गेले आणि तिथे कापडातले धागे मोजणारं 'लूनोमीटर' त्यांनी बनवलं. १९४१ मध्ये ते आयबीएममध्ये आले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर ८० हून जास्त पेटंट जमा झाली.

जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी कंपनीत एक टिपण दिलं. हजारो नोंदींतून हवी ती चटकन कशी सापडेल? त्यांचं उत्तर सोपं होतं. फोन नंबरातल्या अंकांच्या जोड्या पाडा, प्रत्येक जोडीची बेरीज करा आणि एककाचा अंक ठेवा. दहा अंकांचे पाच झाले की तोच नोंदीच्या कप्प्याचा पत्ता. आज यालाच हॅशिंग म्हणतात. पडताळणी अंकाच्या यंत्राचं पेटंट त्यांना १९६० मध्ये मिळालं.

पण लून यांची रीत चूक पकडते, लबाडी नाही. हिशेब माहीत असेल तर बनावट नंबरही त्यात बसवता येतो. १९६४ मध्ये लून वारले. लबाडीलाही पुरून उरणारे क्रिप्टोग्राफिक हॅश त्यानंतरच्या काळातले. त्यांपैकी एसएचए-२५६ हे २००१ मध्ये जाहीर झालं. फाइल कितीही मोठी असो, त्यातून ६४ अक्षरी ठसा निघतो. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो.

अमेरिकेची 'निस्ट' ही संस्था माहितीतल्या सॉफ्टवेअर फाइल्सच्या ठशांचा संग्रह ठेवते. जप्त केलेल्या कॉम्प्युटरमध्ये लाखो फाइल्स असतात. ज्यांचे ठसे संग्रहात सापडतात, त्या ओळखीच्या म्हणून बाजूला काढता येतात. फाइलचं नाव बदललं तरी ठसा तोच राहतो, आणि ओळखीचं नाव लावून आलेली परकी फाइल उघडी पडते.

ठसा जुळला नाही म्हणून मात्र फाइल घातकच असते असं नाही. हॅश फक्त ओळख सांगतो. उरलेल्या फाइल्स उघडून तपासायचं काम माणसालाच करावं लागतं.