आल्बेर्तो जान्नी

आल्बेर्तो जान्नी (मृत्यू: ७ डिसेंबर, १९३०) हे इटलीतील व्यारेज्जो या बंदरगावचे नामवंत पाणबुडे होते. मुंबईला निघालेल्या 'इजिप्त' या बोटीबरोबर बुडालेले सोने-चांदी वर काढण्याच्या मोहिमेत ते प्रमुख पाणबुडे होते.

पी. अँड ओ. कंपनीची 'इजिप्त' लंडनहून मुंबईकडे येत असता २० मे, १९२२ रोजी फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यापाशी दाट धुक्यात 'सेन' या फ्रेंच मालवाहू बोटीची तिला धडक बसली. सुमारे वीस मिनिटांत 'इजिप्त' बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बहुसंख्य बोटीवरील कर्मचारी होते. पुढे जगभर बोलबाला झाला तो मात्र तिच्यावरील सुमारे पाच टन सोन्याचा आणि चाळीस टनांहून अधिक चांदीचा. या मालाची किंमत दहा लाख पौंडांवर होती. विमेदारांनी भरपाई दिल्यामुळे तो सापडला तर त्यांचाच होणार होता.

बोट सुमारे १२० ते १३० मीटर खोलीवर होती. शिरस्त्राण व रबरी पोशाख घालून उतरणाऱ्या पाणबुड्याला तेथे काम करणे तेव्हा अशक्य होते. जान्नी यांनी यासाठी जाड काचांच्या झरोक्यांची पोलादी कोठी योजली. आतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच राही. कोठीतला माणूस झरोक्यातून पाहून दूरध्वनीवरून सूचना देई आणि त्यानुसार वरची माणसे लोखंडी पंजा हलवीत. पाण्याखाली माणसाने हात चालवण्याऐवजी डोळे चालवावेत, ही कल्पना साधी वाटते. पण एवढ्या खोलीवरचे काम तिच्यामुळेच शक्य झाले.

जोव्हान्नी क्वाल्या यांच्या जिनोव्हा येथील 'सोरिमा' कंपनीच्या 'आर्तील्यो' (अर्थ: शिकारी पक्ष्याची नखी) या बोटीवरून हे काम चाले. बुडाल्याची नेमकी जागा ठाऊक नव्हती. दोन बोटींमध्ये तारेचा दोर ताणून समुद्रतळ विंचरण्यात दोन हंगाम गेले. एका धर्मगुरूची पाणाड्यासारखी काठीही आजमावून झाली! अखेर ऑगस्ट १९३०मध्ये 'इजिप्त' सापडली.

हिवाळ्यात तेथील समुद्र खवळलेला असल्याने 'आर्तील्यो' ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्याकडे गेली. १९१८मध्ये बुडालेल्या 'फ्लॉरेन्स एच.' या दारूगोळ्याच्या अमेरिकन बोटीचे अवशेष सुरुंगाने फोडायचे होते. आधीच्या स्फोटांनी दारूगोळा पेटला नाही. इतक्या वर्षांत तो भिजून निकामी झाला असावा, असा समज झाला आणि सुरुंग उडवताना राखायचे अंतर कमी होत गेले. ७ डिसेंबरच्या सुरुंगाने सगळा साठा एकदम उडाला. 'आर्तील्यो' नष्ट झाली. जान्नी यांच्यासह फ्रान्चेस्की व बार्जेल्लिनी हे पाणबुडे आणि अनेक खलाशी मरण पावले.

क्वाल्या यांनी दुसरी बोट सज्ज करून तिलाही 'आर्तील्यो' हेच नाव दिले. जान्नी यांची पद्धत वापरून 'इजिप्त'चे एकेक मजले फोडण्यात आले आणि २२ जून, १९३२ रोजी पहिले सोने वर आले. हे काम १९३५पर्यंत चालले व बहुतांश ऐवज हाती लागला. व्यारेज्जोतील एका चौकाला 'आर्तील्यो'च्या पाणबुड्यांचे नाव आहे.