इब्न बतूता आणि अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ

जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. निमगाव सावा व आसपासच्या गावांतून सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनी ती लेणी पाहिली असतीलच. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कोकणात उतरणारा माल जहाजांवर चढे, आणि तांबडा समुद्र व नाईल नदी या मार्गाने त्या काळी आपल्या देशाचा माल भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रिया बंदरात पोहोचे. ते बंदर आणि आपला महाराष्ट्र हे दोन्ही ज्याने समक्ष पाहिले, अशा एका प्रवाशाचे हे चरित्र आहे.

इब्न बतूता याचा जन्म १३०४ साली मोरोक्को देशातील तँजियर गावी काजींच्या घराण्यात झाला. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेस एकटाच निघाला. आईबाप हयात होते. त्यांना सोडून जाताना त्याला अतिशय दुःख झाले. पुढल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तो अलेक्झांड्रियास पोहोचला.

एखाद्या जिज्ञासू मुलाने करावे तसेच त्याने तेथे केले. नगराच्या चार वेशी त्याने पाहिल्या, बंदर पाहिले, आणि जगप्रसिद्ध दीपस्तंभाकडे गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेला हा स्तंभ प्राचीनांच्या सात आश्चर्यांत गणला जाई. त्याची एक बाजू तेव्हाच ढासळली होती. दरवाजा जमिनीपासून पुष्कळ उंच असून त्याच्यासमोर तितक्याच उंचीची दुसरी इमारत होती. दोहोंमध्ये फळ्या टाकून आत जात, आणि त्या काढल्या की वाट बंद! आत द्वारपालाची बैठक व अनेक खोल्या होत्या. आमच्या प्रवाशाने स्तंभाच्या एका बाजूची रुंदी वितींनी मोजली, ती एकशेचाळीस वीत भरली.

याच नगरीत बुर्हानुद्दीन नावाच्या एका साधुपुरुषाने त्याला, तू हिंदुस्थान, सिंध व चीन येथे जाशील, असे सांगितले. तोपर्यंत इतक्या दूर जाण्याचे त्याच्या मनातही नव्हते. ते बोलणे मात्र मनात घर करून राहिले.

१३३३ साली तो सिंधू नदीवर आला आणि पुढे महंमद तुघलकाने त्यास दिल्लीचा काजी नेमले. त्या लहरी बादशहाच्या पदरी दिवस काढणे म्हणजे निखाऱ्यावरून चालणेच होते! १३४२ साली बादशहाचा वकील म्हणून चीनकडे जाताना तो दौलताबादेस आला. तेथील दुर्गाच्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर असल्याचे तो लिहितो. हे कितपत खरे मानावे, ते वाचकांनीच ठरवावे. नंदुरबारचे मराठे कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी असून तांदूळ, भाजीपाला व तिळाचे तेल यांवर राहतात आणि जेवणापूर्वी स्नान करतात, हेही त्याने टिपले. आपल्या जुन्नराकडे मात्र त्याची वाट वळली नाही. पुढे कालिकतजवळ बादशहाचे नजराणे नेणारे जहाज वादळात बुडाले, आणि मालदीव, सिंहलद्वीप असे हिंडत तो चीनपर्यंत गेला.

परत फिरला तेव्हा पश्चिमेकडे महामारीने कहर मांडला होता. बाप पंधरा वर्षांपूर्वीच वारल्याचे त्याला दमास्कस येथे कळले. अलेक्झांड्रियात रोज हजारांवर माणसे मरत होती. तो पोहोचला तेव्हा साथ ओसरत होती. १३४९ साली तो पुन्हा त्या दीपस्तंभापाशी गेला. तरुणपणी ज्याच्या आत तो शिरला होता, तो स्तंभ आता इतका कोसळला होता की दरवाजापर्यंत चढणेदेखील अशक्य झाले होते.

तेथून तो घराकडे निघाला. ताझा गावी आईही महामारीत गेल्याची बातमी त्याला मिळाली. चोवीस वर्षांनी तँजियरास आला, तो तिच्या कबरीचे दर्शन घेण्यासाठी.

मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सर्व प्रवास इब्न जुझय्य या लेखकास सांगितला व १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. दीपस्तंभाच्या जागी १४७७ साली सुलतान कायतबाय याने किल्ला बांधावयास घेतला. हल्लीचे प्रवासी तोच पाहून येतात. स्तंभाची ती एकशेचाळीस वीत बाजू इब्न बतूताच्या ग्रंथात आहे.