हत्तीरोगाच्या गोळीमागचा माणूस : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

गणराय ही विद्येची देवता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका विद्योपासकाची ओळख करून देत आहोत. हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. पण त्यांचे औषध बीदर-कलबुर्गीच्या घराघरांत पोचले आहे.

कन्नडमध्ये ज्याला आनेकालू रोग म्हणतात तो हत्तीरोग आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगावर सरकारी मोहिमेत डीईसी नावाची गोळी देतात. ही गोळी अमेरिकेत 1947 च्या सुमारास डॉ. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली.

सुब्बारावांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. घरची गरिबी, वडील लवकर गेले. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते खादीचा अंगरखा घालू लागले. इंग्रज प्राध्यापकाची खप्पा मर्जी झाली आणि एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. या खालच्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याच काळात संग्रहणीसारख्या स्प्रू या रोगाने दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. हे दुःख त्यांच्या मनात कायम राहिले.

1922 साली ते बोस्टनला पोचले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीला रुग्णांची भांडी धुतली आणि दिवसा हार्वर्डमध्ये शिकले. तेथे सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातील फॉस्फरस, म्हणजे स्फुरद, मोजण्याची सोपी रीत काढली. नमुन्यात मॉलिब्डेट घालून नंतर क्षपण केले की निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. 1925 साली प्रसिद्ध झालेली ही रीत दोघांच्या नावाने ओळखली जाते.

या मोजमापातूनच पुढचे शोध लागले. स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि 1929 मध्ये एटीपी. याच सुमारास जर्मनीत लोमान यांनाही एटीपी स्वतंत्रपणे सापडले होते. एटीपीच्या एका टोकाला कार्बन आणि नायट्रोजन मिळून झालेली जोडकडी असते, मध्ये साखर आणि पुढे फॉस्फेटचे तीन गट. अशा मिश्र कड्यांच्या संयुगांना विषमचक्रीय संयुगे म्हणतात. शेवटचा फॉस्फेट सुटला की पेशीला शक्ती मिळते. आपण ढोल वाजवतो, पाट उचलतो, श्वास घेतो ते याच्याच बळावर. हाच रेणू प्रयोगशाळेत बनवायला 1948 साल उजाडले. ते काम इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या गटाने केले.

एवढे करूनही हार्वर्डने सुब्बारावांना कायम नेमणूक दिली नाही. श्रेयाच्या बाबतीतही ते मागेच राहिले. 1940 मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तेथे संशोधनप्रमुख झाले. 1945 मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. ज्या स्प्रूने भाऊ नेले, त्यावरच ते उपयोगी पडले. फॉलिक आम्लाची रचना किंचित बदलून झालेल्या अमिनोप्टेरिनने डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार केले. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही त्यांच्याच विभागातून आले. डीईसीच्या गोळीतसुद्धा चार कार्बन आणि दोन नायट्रोजनची एक कडी आहे.

ऑगस्ट 1948 मध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे 53. मायदेशी ते परत येऊ शकले नाहीत, पत्नीचीही पुन्हा भेट झाली नाही. शोधांचा गाजावाजा त्यांनी स्वतः कधी केला नाही. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीला, 1995 मध्ये, टपाल तिकीट काढले.

सत्कार, हारतुरे त्यांच्या वाट्याला फार आले नाहीत. पण त्यांचा मान राखणे आपल्या हाती आहे. आशाताई दारात येतात तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण गोळी घेतात आणि नंतर खातो म्हणून फळीवर ठेवून देतात. फळीवरची गोळी कोणाचा हत्तीरोग रोखत नाही. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी सोडून बाकी सर्वांनी ती जेवणानंतर, आशाताईंच्या समोरच गिळावी, एवढीच आमची भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या बंधुभगिनींना विनंती.

गणपती बाप्पा मोरया!