मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली

अंगणवाडी हा शब्द महाराष्ट्रात माहीत नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. गावातल्या पोराला शाळा कळायच्या आधी अंगणवाडी कळते. तिथला खाऊ, वजनकाटा, लसीकरणाचा दिवस, सेविका ताई. मानधनासाठी सेविकांचे मोर्चे निघाले की हाच शब्द बातम्यांमध्येही येतो.

पण हा शब्द आला कुठून?

आज ही सरकारी योजना असली तरी शब्द सरकारी नाही. तो आला आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावातून, आणि तोही एका फसलेल्या प्रयोगातून. तो प्रयोग फसला नसता तर अंगणवाडी जन्मालाच आली नसती. आणि तो फसलाय हे मान्य करायची तयारी ज्या बाईंनी दाखवली, त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजात काम करणारे. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्न त्या घरात नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. ज्या काळात मुलीनं चौथी पास होणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळातली ही पदवी.

पुढे लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, पदरात मूल घेऊन, नोकरी करून जगायचं. याला किती हिंमत लागली असेल याचा अंदाज आजही करता येतो.

नोकरी मिळाली ती गुजरातमध्ये, राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात. शिक्षिका तयार करणाऱ्या या संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. पद चांगलं होतं, मान होता. तरीही १९२३ साली त्यांनी ही नोकरी सोडली आणि भावनगर गाठलं.

कारण होतं गिजुभाई बधेका.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून बालशिक्षणात उतरले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. मूल स्वतः हाताळून, बघून, खेळून शिकतं, ही त्यामागची कल्पना. छडी लागे छमछमच्या जमान्यात हे ऐकून लोक हसायचे.

ताराबाई इथे रमल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाची शिक्षणपत्रिका निघू लागली, तिची मराठी बाजू ताराबाईंनी सांभाळली. माँटेसरीचं शिक्षण मराठी घरात पोहोचलं त्यात या पत्रिकेचा मोठा वाटा आहे.

१९३६ साली ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. दादरच्या मध्यमवर्गीय घरांना बालमंदिर पटलं. शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू झालं, नाव झालं. इथेच थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांची जागा पक्की होती.

पण एक गोष्ट राहत होती. माँटेसरीची साधनं महाग. ती ठेवायला खोली हवी, सतरंजी हवी, कपाट हवं. मूल वेळेवर, आंघोळ करून, पोटभर खाऊन यायला हवं. म्हणजे ज्या घरात हे सगळं आधीच आहे, त्याच घरातल्या मुलाला ही पद्धत मिळणार. मग देशातल्या बाकीच्या मुलांचं काय?

याच सुमारास गांधीजींच्या नई तालीमचा विचार पुढे आला होता. शिक्षण खेड्यात, खेड्याच्या जगण्याशी जोडलेलं हवं, हा त्याचा गाभा. ताराबाईंनी ठरवलं, बालशिक्षण खेड्यात न्यायचं. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे समुद्र, चिकूच्या वाड्या आणि टुमदार घरं. पण याच डहाणू, तलासरीच्या पट्ट्यात वारली समाज वेठबिगारीत पिचत होता. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडायला नवराबायकोनं आयुष्यभर राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ताराबाई बोर्डीत आल्या त्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. गवत कापायची मजुरी वाढवून मिळावी आणि वेठ बंद व्हावी, या त्यांच्या मागण्या होत्या. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आदिवासी मारले गेले.

ताराबाईंचा रस्ता लढ्याचा नव्हता. त्या बालवाडी काढायला आल्या होत्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लहानपणी लग्न झालेलं आणि तेराव्या वर्षीच वैधव्य आलेलं. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. गावात बालवाडी भरू लागली. आणि इथेच तो प्रयोग फसला.

बालवाडी सगळ्यांसाठी होती, पण येत होती ती बरी परिस्थिती असलेल्या घरातली मुलं. दलित वस्तीतली मुलं येत नव्हती. बोलावून येत नव्हती, समजावून येत नव्हती. अशा वेळी एक सोपं उत्तर तयारच असतं. या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आजही हे उत्तर सर्रास ऐकू येतं.

ताराबाईंनी दोष मुलांच्या माथी मारला नाही. त्यांनी उलटा प्रश्न विचारला, की आपल्या बालवाडीत असं काय आहे ज्यामुळे ही मुलं येत नाहीत? आईबाप पहाटे मजुरीला जातात. मुलांना तयार करून पाठवायला घरात कुणी नाही. अंगावर धड कपडा नाही. आणि ज्या वस्तीत आपल्याला कुणी शिवत नाही, तिथे जाऊन बसायचं कसं?

मग बालवाडीच उठून वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत, मुलं जिथे खेळत होती तिथेच. शिक्षिका जायच्या, मुलांना गोळा करायच्या. आधी हातपाय धुणं, आंघोळ, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. शब्द इतका सरळ आहे की तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

महागड्या माँटेसरी साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शंखशिंपले, बिया, खडे, पानं, माती, बांबूचे तुकडे. मोजायला हेच, रंग ओळखायला हेच, लहानमोठं कळायलाही हेच. माँटेसरीचं तत्त्व ठेवलं आणि सामान गावातलं वापरलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. १९५७ साली ताराबाईंनी काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. तेव्हा वय ६५. साधारण या वयात लोक निवृत्त होतात, या बाई टेकडी चढत होत्या. आजूबाजूला वारल्यांचे पाडे होते.

वारली पोराकडे काय नव्हतं याची यादी कुणीही करेल. पण त्याच्याकडे काय होतं? त्याला झाडं ओळखता येत होती, कुठलं कंद खायचं आणि कुठलं नाही हे कळत होतं. त्याच्या घरी कणसरी ही धान्याची देवी होती, तारपा होता, लग्नात तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढणाऱ्या बायका होत्या. त्याची स्वतःची वारली बोली होती. आणि शाळेत बसलं की यातलं काहीच मोजलं जात नव्हतं. पुस्तकातली मराठी त्याला परकी, मास्तरांचं बोलणं परकं. चार भिंतीत बसायची सवय नाही. मूल पळून जायचं, आणि मास्तर वहीत गैरहजर लिहायचे.

कोसबाडला पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला. मुलं का येत नाहीत?

मुलगा येत नाही, कारण तो गुरं राखायला जातो. त्याची कमाई घराला हवी असते. मग गुरं जिथे चरतात तिथेच शाळा भरवली. हीच कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. समोरचं झाड, पक्षी, ओढा हाच धडा. शाळेसाठी गुरं सोडायची की गुरांसाठी शाळा, हा पेच शाळेनंच काढून टाकला.

मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. मग भावंडंही घेऊन ये. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी ताई वर्गात. ताईला भावंडं नजरेसमोर दिसत होती, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागत नव्हता. तिकडे बालवाडीतल्या पोराला शाळा अनोळखी राहिली नाही, कारण तो रोज तिच्या शेजारीच खेळत होता.

आज शिक्षणतज्ज्ञ परिषदांमध्ये या कल्पनांवर निबंध वाचतात. कोसबाडला त्या गरजेतून आल्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. कोसबाडची टेकडी अनुताईंनी सोडली नाही. १९९२ साली त्या गेल्या, तोपर्यंत काम सुरूच होतं.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांपासून झाली. गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला मराठी शब्द देशभर गेला.

आता यातली टोचणारी गोष्ट. शब्द गेला, पण त्यामागचा प्रश्न सोबत गेला का?

अंगणवाडीनं पोषण आणि लसीकरणाचं मोठं काम केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण रजिस्टर, सर्वेक्षण आणि आहारवाटप यांच्या ओझ्याखाली शिकवण्याचा भाग मागे पडतो, ही तक्रार जुनी आहे. आणि भाषेचं काय? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. तरी वारली, कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या पोराला पहिलीत बसल्यावर आधी प्रमाण मराठीची भिंत लागते. वारली चित्र आज कुर्त्यावर, कपावर, मेट्रोच्या भिंतीवर दिसतं. वारली बोली वर्गात किती ऐकू येते?

ताराबाईंनीही हे सगळं सोडवलं असं नाही. प्राथमिक शाळेची पुस्तकं त्यांच्या काळातही प्रमाण मराठीतच होती आणि एका टेकडीवरून राज्याचा अभ्यासक्रम बदलत नसतो. पण एक गोष्ट त्यांनी करून दाखवली. मूल आणि शाळा यांचं जमत नसेल, तर आधी शाळेनं बदलायचं. वेळ बदलायची, जागा बदलायची, सामान बदलायचं. मूल लहान आहे, शाळा मोठी आहे. वाकायचं कुणी, हे त्यावरून ठरतं.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी म्हणालं की आदिवासी पोरं शाळेत टिकत नाहीत, तर बोर्डीचं ते अंगण आठवा. मुलं तिथेच होती, ती कुठे गेलीच नव्हती. शाळेला तिथवर पोहोचायला उशीर झाला होता.